परसबागेतून दिसलेला ग्रह

मराठी पंचांग उघडून पाहा. त्यात मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी या ग्रहांबरोबर 'हर्षल' असे एक नाव आढळते. विज्ञानाच्या पुस्तकात याच ग्रहाला युरेनस म्हणतात. मग पंचांगात हर्षल हे नाव कोठून आले? ते एका माणसाच्या नावावरून आले आहे. तो माणूस म्हणजे विल्यम हर्शेल. त्याने हा ग्रह शोधला, तेव्हा तो कोणत्याही वेधशाळेत काम करत नव्हता. तो वाद्ये वाजवून आणि संगीत शिकवून पोट भरत होता.

विल्यमचा जन्म १७३८ साली जर्मनीतील हॅनोव्हर शहरात झाला. त्याचे वडील लष्करी बँडमध्ये वादक होते. १७५७ साली विल्यम इंग्लंडला गेला आणि पुढे बाथ या गावी राहू लागला. १७७२ साली त्याची धाकटी बहीण कॅरोलिन त्याच्याकडे आली. ती गाणे शिकत असे आणि घर सांभाळत असे.

विल्यमला वाचनाची फार आवड होती. रॉबर्ट स्मिथ या लेखकाचे स्वरांविषयीचे पुस्तक त्याने वाचले. ते त्याला इतके आवडले, की त्याने त्याच लेखकाचे प्रकाशाविषयीचे पुस्तकही मिळवले. त्यात दुर्बीण कशी करतात हे दिले होते. ते वाचून आकाश स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, असे त्याला वाटू लागले. त्याने एक लहान दुर्बीण भाड्याने आणली. पण तेवढ्याने त्याचे समाधान होईना. मोठ्या दुर्बिणीची किंमत त्याला परवडणारी नव्हती. तेव्हा त्याने ठरवले, की दुर्बीण आपणच बनवायची.

दुर्बिणीचे काम काय असते? वस्तू मोठी दिसावी एवढेच तिचे काम नसते. तिचे पहिले काम प्रकाश गोळा करणे हे असते. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर रुंद होते. तेवढ्या छिद्रातून ताऱ्याचा थोडासाच प्रकाश आत येतो. पाऊस पडताना वाटीत थोडे पाणी जमते आणि परातीत जास्त जमते, तसेच हे आहे. विल्यमच्या एका दुर्बिणीचा आरसा सहा इंचांहून थोडा अधिक रुंद होता. तो डोळ्याच्या सुमारे ५०० पट प्रकाश गोळा करी. म्हणून डोळ्यांना न दिसणारे तारे त्यातून दिसत.

हा आरसा काचेचा नव्हता. तांबे आणि कथील वितळवून त्याची चकती ओतावी लागे. मग ती घासून मध्ये किंचित खोलगट करायची आणि चकचकीत करायची. या कामात थोडी जरी चूक झाली, तरी तारा अस्पष्ट दिसे. एकदा विल्यमने सलग १६ तास आरशावरून हात उचलला नाही. कॅरोलिन त्याला घास भरवत होती. असे काम चालू असताना ती त्याला पुस्तकेही वाचून दाखवी. त्यात तुमच्या ओळखीचे एक पुस्तक होते : अलिफ लैला!

१३ मार्च १७८१ ची रात्र. घरामागच्या बागेत विल्यम दुर्बिणीतून एकेक तारा पाहत होता. वृषभ आणि मिथुन या राशींच्या सीमेजवळ त्याला एक वेगळा ठिपका दिसला. त्याने दुर्बिणीतील भिंग बदलले. २२७ पट, मग ४६० पट, मग ९३२ पट. तारे फार दूर असतात. कितीही मोठे करून पाहिले, तरी ते बिंदूसारखेच राहतात. हा ठिपका मात्र दर वेळी मोठा होत गेला. याचा अर्थ, तो तारा नव्हता. चार दिवसांनी विल्यमने पुन्हा पाहिले. ठिपक्याने आपली जागा बदलली होती!

आपल्याला धूमकेतू सापडला, असे विल्यमला वाटले. त्याने ही बातमी इतर अभ्यासकांना कळवली. गणितज्ञांनी हिशेब केला. तेव्हा कळले, की हा तर शनीच्याही पलीकडचा नवा ग्रह आहे. हजारो वर्षे माणसाला शनीपर्यंतचेच ग्रह ठाऊक होते. सूर्यापासून शनी जेवढा दूर आहे, त्याच्या दुप्पट अंतरावर हा ग्रह निघाला. एका रात्रीच्या निरीक्षणातून सूर्यमाला जणू दुप्पट मोठी झाली.

याआधी हा ग्रह कोणालाच दिसला नव्हता का? दिसला होता. जॉन फ्लॅमस्टीड हे इंग्लंडच्या राजाचे खगोलशास्त्रज्ञ होते. १६९० साली त्यांनी हा ठिपका पाहिला होता आणि आपल्या वहीत तारा म्हणून लिहून ठेवला होता. ठिपका तोच होता. विल्यमने मात्र तो पुन्हा पुन्हा पाहिला. 'हा इतरांसारखा का नाही?' असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला.

या शोधानंतर राजाने विल्यमला वार्षिक वेतन दिले. तो आता पूर्ण वेळ आकाश पाहू लागला. कॅरोलिनही मागे राहिली नाही. १७८६ साली तिने स्वतः एक धूमकेतू शोधला. पुढे तिने आणखी सात धूमकेतू शोधले. १७८७ पासून तिलाही या कामासाठी वर्षाला ५० पौंड वेतन मिळू लागले.

१९७७ साली व्हॉयेजर-२ हे यान अवकाशात निघाले. २४ जानेवारी १९८६ रोजी ते युरेनसजवळून गेले. विल्यमला जो ठिपका दिसला होता, त्याची जवळून घेतलेली चित्रे त्या दिवशी पृथ्वीवर आली.

मुलांनो, आकाश पाहायला दुर्बीण हवीच असे नाही. रोज एकाच वेळी चंद्र कोठे दिसतो ते पाहा. कृत्तिकेच्या पुंजक्यात किती तारे दिसतात ते मोजा. वहीत तारीख, वेळ आणि दिशा लिहा व चित्र काढा. सूर्याकडे मात्र दुर्बिणीतून कधीही पाहू नका. त्याने डोळे कायमचे जातात. आणि एखादा ठिपका कालच्या जागी नसेल, तर 'माझीच चूक झाली असेल' असे म्हणून वही मिटू नका. दुसऱ्या रात्री तो पुन्हा पाहा.