उद्यावर ढकलण्याचा दिवस

अटलांटिक ओलांडून आलेली शिडाची बोट बंदरात शिरली की तिच्यावरची माणसं लगेच आडवी होत असतील, असं किनाऱ्यावरच्यांना वाटतं. पण आधी कागद असतात. उजव्या बाजूला वर पिवळा झेंडा चढवायचा, मरिनाच्या धक्क्याला बोट लावायची आणि सगळ्यांचे पासपोर्ट, बोटीची नोंदणी, विमा असं बाड घेऊन खिडकीशी उभं राहायचं. फ्रेंच सोबती पाच मिनिटांत सुटतो. माझा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे निघण्याआधीच काढून ठेवलेल्या शेंगेन व्हिसाचं पान अधिकारी दोनदा बघतो. तोवर पायाखालची फरशी डोलत असते, म्हणून मी काउंटरची कड धरून ठेवतो. त्याला याचं नवल नाही. त्याच्यासमोर येणारे सगळेच काहीतरी धरून उभे असतात.

हे होर्ता. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांपैकी फायाल बेटावरचं गाव. कॅरिबियनमधून युरोपला परतणाऱ्या बोटींना सरळ पूर्वेला येता येत नाही, कारण व्यापारी वारे नेमके तोंडावर असतात. आधी उत्तरेला चढायचं, पश्चिमेचे वारे गाठायचे आणि मग वळायचं. जूनमध्ये तिकडे चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी निघायला हवं. बर्म्युडाहून इथवर साधारण १८०० सागरी मैल, म्हणजे मध्यम आकाराच्या बोटीला दोन ते तीन आठवडे. त्यामुळे मे-जूनमध्ये सगळ्या बोटी एकाच वेळी येऊन थडकतात आणि जागा पुरत नाही. मग धक्क्याला एक बोट, तिला बांधलेली दुसरी, दुसरीला तिसरी. बाहेरच्या बोटीवरच्यांना जमिनीवर जायला शेजाऱ्यांच्या बोटी ओलांडाव्या लागतात. तेव्हा कॉकपिटमधून न जाता पुढच्या डेकवरून जायचं, हा अलिखित नियम. कोणाच्या माजघरातून न जाता ओट्यावरून जावं, तसंच.

दिवसाचं पहिलं खरं काम म्हणजे मीठ धुणं. गोड्या पाण्याचा पाइप मिळाला की डेक, दोर, विंच, रेलिंग, सगळ्यावर पाणी मारत सुटायचं. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, म्हणून समुद्रात एकदा खाऱ्या पाण्याने भिजलेली उशी उन्हात ठेवली तरी पुरती वाळत नाही. नुसतं वाळवून उपयोग नाही, आधी मीठ काढावं लागतं. गाद्या, ऑइलस्किनचे कोट, लाइफजॅकेट, लॉगबुकातली फुगलेली पानं, सगळं वर येतं आणि बोट बोहारणीच्या गाठोड्यासारखी दिसायला लागते. लाँड्रीसमोर रांग असतेच. शॉवरचं मात्र वर्णन करत नाही. ज्याने बरेच दिवस बादलीभर समुद्राच्या पाण्यावर भागवलंय, त्याला ते सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही.

धुता धुता पाहणी आपोआप होते. लांबच्या प्रवासात बोट एखाद्या मोठ्या तडाख्यापेक्षा घासून घासून जास्त झिजते. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढणारा दोर, डोलकाठीच्या टोकाशी त्याच एका जागी लाखो वेळा इंचभर मागेपुढे सरकलेला असतो. बाहेरचं आवरण फाटून आतले पांढरे धागे दिसतात. शिडाच्या शिवणी दोरे उसवून बसलेल्या. बोटीच्या मागच्या भागात पाण्याच्या रेषेलगत लांब देठांचे शिंपले चिकटलेले. धक्क्याला बांधलेल्या बोटीला ते सहसा धरत नाहीत, ते भर समुद्रातले प्रवासी. खरवडायला गेलं की रबरासारखे ताणतात. स्किपर एका वहीत यादी करतो: हॅलयार्ड, शिवण, बिल्जपंप, गॅस, शिंपले.

आणि मग ती यादी तशीच ठेवून आम्ही भटकायला जातो. माझ्या मते बंदरातली विश्रांती म्हणतात ती हीच. झोप समुद्रातही मिळते, तुकड्यातुकड्यांत का होईना. तिथे मिळत नाही ती काम अर्धवट टाकण्याची मुभा. रात्री दोनला दोर घासतोय असं दिसलं तर तो दोनलाच सोडवावा लागतो. ‘सकाळी बघू’ म्हणणाऱ्याचं शीड सकाळपर्यंत राहत नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती चार बंदरांत थांबत. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये मुंबईहून निघून मुंबईला परतले, ते कुठेही न थांबता. त्या दुसऱ्या प्रवासाचा विचार केला की मला लाटांची नाही, या ‘लगेच’ची धास्ती वाटते. पाच महिने एकही काम उद्यावर नाही.

गावात चालताना रस्ता तिरका येतो. डोळे सांगतात जमीन स्थिर आहे, कानातला तोल ऐकत नाही. अरुंद गल्लीत भिंतीला हात लागतोच. समोर सामुद्रधुनीपलीकडे पिको, २३५१ मीटर उंचीचा ज्वालामुखी, पोर्तुगालमधला सर्वांत उंच डोंगर, अर्धा वेळ ढगात. बाजारात ताजा पाव, टोमॅटो, शेजारच्या साओ जॉर्ज बेटाचं तिखटसर चीज. हावरटासारखं खाऊ नये हे इथल्या इतिहासाने सांगून ठेवलंय. एकट्याने जगप्रदक्षिणेला निघालेला जोशुआ स्लोकम १८९५ च्या जुलैत इथे थांबला होता. निघाल्यावर त्याने इथले प्लम आणि पिकोचं पांढरं चीज भरपेट खाल्लं, पोटात मुरडा येऊन तो केबिनमध्ये कोसळला, आणि कोलंबसच्या ‘पिंटा’ जहाजाचा सुकाणूवाला आपली बोट चालवतोय असं त्याला दिसलं. हे ठाऊक असूनही आम्ही अख्खं चीज संपवतो.

दुपारनंतर भिंत. मरिनाच्या काँक्रीटवर प्रत्येक बोटीने आपलं चित्र काढायचं, न काढता निघालं तर प्रवास लाभत नाही, अशी इथली समजूत. पायवाटा, कठडे, पायऱ्या, सगळं रंगलेलं. जुनी चित्रं ऊनपावसात पोपडे धरतात आणि त्यांच्यावर नवी चढतात. मला समजुतीपेक्षा माणसं बघण्यात रस. अख्खा महासागर पार करून आलेला साठीचा डच गृहस्थ गुडघे टेकून ‘आर’चं शेपूट सरळ येत नाही म्हणून वैतागलेला असतो. ब्रश कोणाचा, रंग कोणाचा, काही हिशेब राहत नाही. आमचंही चित्र निम्मं होतं, आणि पाऊस येतो.

मग पीटर कॅफे स्पोर्ट. १९१८ पासूनची ही जागा. खलाशांची टपालं सांभाळून ठेवण्यासाठी ती जगभर ओळखली जाते, छताला बोटींचे झेंडे लटकतात, वरच्या मजल्यावर देवमाशांच्या दातांवरच्या कोरीव कामाचं संग्रहालय. मूळ मालकाच्या मुलाचं खरं नाव जोझे. एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याला त्याच्यात आपला मुलगा पीटर दिसला आणि नाव चिकटलं. टेबलावर जिन येते आणि गप्पा कोणाचं काय तुटलं यावर. वाऱ्याचा कोणी विषय काढत नाही. पुढच्या टप्प्याचा हवामान अंदाज बघायला स्किपरनेच आज बंदी घातलीय.

तो खिशातून वही काढतो. दिवसभरात गॅस भरून झालाय, त्यावर काट मारतो. शेजारच्या टेबलावरच्या फ्रेंच बाईने आमच्या सुकाणूच्या साखळीबद्दल काहीतरी विचारलं होतं, ते आठवून तो खाली दोन ओळी वाढवतो आणि आणखी एक जिन मागवतो.