कांदा का सडला?

सप्टेंबर महिन्यात एखाद्या सकाळी लासलगावच्या बाजार समितीत जाऊन पाहा. एप्रिल-मेमध्ये काढून चाळीत भरलेला उन्हाळ कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून लिलावाला आलेला असतो. एखाद्या ट्रॉलीतल्या कांद्यांना हिरवे कोंब फुटलेले दिसतात, दुसरीतून सडक्या कांद्याचा वास येतो. मग भाव उतरतो आणि चार महिने जपलेल्या मालाचे मोल हातचे जाते.

कांदा का खराब झाला, असे शेतकऱ्यांना विचारा. एक म्हणेल, "यंदा पाऊस जास्त झाला." दुसरा म्हणेल, "खत जास्त पडले." तिसरा म्हणेल, "चाळीची जागाच चुकली." तिघेही अनुभवी आहेत आणि तिघांचेही म्हणणे खरे असू शकेल. पण कोणाचे किती खरे, हे ठरवायचे कसे?

अडचण कोठे आहे, ते पाहू. पावसाळा सुरू झाला की हवेतील आर्द्रता वाढते, तापमान उतरते आणि कांद्याचे वयही त्या काळात वाढलेले असते. या तीन गोष्टी एकदमच बदलतात. मग कोंब फुटण्याचा दोष तिघींपैकी कोणाला द्यायचा? नुसते निरीक्षण येथे अपुरे पडते.

कांदा चाळीत असला तरी जिवंत असतो. तो श्वसन करतो, त्यातून उष्णता व पाण्याची वाफ बाहेर पडते. म्हणून मोठ्या ढिगाचा मधला भाग कोंदट होतो. थंडाव्यात वस्तू टिकते, असे आपण धरून चालतो. पण एकाच मालाचे सारखे भाग करून ते निरनिराळ्या तापमानाला ठेवले, तेव्हा वेगळेच आढळले. शून्य ते पाच अंश सेल्सिअसला कांद्याला कोंब उशिरा येतात, पंचवीस ते तीस अंशांनाही उशिरा येतात. मधल्या दहा ते वीस अंशांना मात्र ते सर्वांत लवकर फुटतात! एकच गोष्ट बदलून बाकीच्या सारख्या ठेवल्या, म्हणूनच हे कळले.

माझी फसगत

हे वर्गात शिकवणारा मी स्वतः एकदा चांगलाच फसलो. चाळीला खालून हवा मिळाली तर सड कमी होते का, हे मला पाहायचे होते. एका शेतातला कांदा मी विटांवर ठेवला आणि दुसऱ्या शेतातला जमिनीवर. विटांवरचा चांगला टिकला. मी आनंदाने निष्कर्ष सांगू लागलो, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पहिल्या शेतातला कांदा मुळातच चांगला वाळवलेला नसेल कशावरून?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीन महिन्यांचे श्रम वाया गेले.

ही चूक टाळण्याचा मार्ग शेतीच्याच प्रयोगांतून आला आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे, हे आपल्या मर्जीने ठरवू नका, चिठ्ठ्या टाकून ठरवा, असे त्यांनी शिकवले. आपल्या नकळत आपण चांगली जमीन आपल्या आवडत्या खताला देतो. चिठ्ठी असा पक्षपात करीत नाही.

तुम्हीच करून पाहा

एकाच शेतातले, एकाच दिवशी काढलेले ३०० निरोगी कांदे घ्या. ते चांगले मिसळून प्लॅस्टिकच्या सहा सारख्या क्रेटमध्ये पन्नास-पन्नास भरा. चिठ्ठ्या टाकून तीन क्रेट विटांवर व तीन जमिनीवर ठेवा. खोली एकच असू द्या. काय होईल असे तुम्हांला वाटते, ते आधीच वहीत लिहून ठेवा. दर रविवारी वजन करा. सडलेले व कोंब आलेले कांदे वेगवेगळे मोजा. सडलेले काढून टाका, पण दोन्हींकडे नियम एकच पाळा.

समजा, तीन महिन्यांनी विटांवरच्या क्रेटमध्ये ६, ११ आणि ९ कांदे सडले. जमिनीवरच्यांत ८, १३ आणि १०. बेरीज २६ आणि ३१. विटा जिंकल्या का? थांबा! विटांवरच्याच दोन क्रेटमध्ये पाचाचा फरक आहे. सारखी वागणूक मिळूनही जेवढा फरक पडतो, त्यातच आपला फरक बुडून गेला आहे. अशा वेळी "सांगता येत नाही" हेच खरे उत्तर. पण आकडे ३, ५, ४ आणि १२, १०, १४ असे आले, तर विटांच्या बाजूने बोलायला आधार आहे. एकाऐवजी तीन-तीन क्रेट घेण्याचे कारण आता ध्यानात आले ना?

योग्य तेच मोजा

भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावात 'कृषक' हे विकिरण केंद्र सुरू केले. तेथे कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडता येतात. मात्रा सुमारे ६० ग्रे, म्हणजे दर किलोग्रॅमला ६० ज्यूल. एवढ्या ऊर्जेने कांदा एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकाही तापत नाही, आणि तो किरणोत्सारीही होत नाही. मात्र कोंबाच्या पेशींचे विभाजन थांबते.

आता कोणी म्हणाले, "किरण दिलेला कांदाही सडला, म्हणजे ही पद्धत फोल," तर काय म्हणाल? किरणांचे काम कोंब रोखण्याचे, सड थांबवण्याचे नव्हे. दाव्याची परीक्षा घेताना दाव्यात जे म्हटले आहे तेच मोजावे लागते, आणि त्याच मालातल्या, किरण न दिलेल्या कांद्याशी तुलना करावी लागते.

निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वरचे पाणपक्ष्यांचे तळे आहे. एखाद्या वर्षी पक्षी कमी आले तर कारण पाऊस, पाण्याची पातळी की आणखी काही? येथे दुसरे तळे करून प्रयोग करता येत नाही. तेथे अनेक वर्षांच्या नोंदी ताडून पाहाव्या लागतात, आणि निष्कर्ष काढताना अधिकच सावध राहावे लागते.

तेव्हा यंदा उन्हाळ कांदा घरी आला की सहा क्रेट मागून घ्या. आणि कोणी खात्रीने कारण सांगू लागला, तर नम्रपणे विचारा : "तुलना कशाशी केली?"