२८-६२२

सकाळी ७.४५. पौड रस्त्यावरच्या एका सायकल दुकानाचं शटर वर जातं. आठ बाय दहाची जागा. भाडं महिन्याला १४,०००. कामाला एक पोरगा आहे, एकोणीस वर्षांचा, उदगीरकडचा. त्याला १२,०००, दुपारचा डबा आणि दोन चहा. रोजचे पाडले तर भाड्याचे ४६७, पोराचे ४००. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच ८६७ रुपये गेलेले असतात. दुकानदाराला सगळे मामा म्हणतात. पन्नाशी उलटलेली, अंगठ्यांच्या भेगांत ग्रीस मुरलेलं. आल्या आल्या ते कॉम्प्रेसरचं बटण दाबतात, मग उदबत्ती लावतात. बाहेर जुलैचा पाऊस. पोरगा पाण्याचं घमेलं भरून फुटपाथला लावतो. ट्यूब बुडवायला.

८.००. हवेची वेळ. चाकाला ५ रुपये. हिंजवडीकडे, शिवाजीनगरकडे निघालेले सायकलवाले थांबतात. पाठीवर बॅग, पायात फ्लोटर, ऑफिसचे बूट पिशवीत. रोड बाईकचा व्हॉल्व्ह बारीक असतो. टोकाचा चिमुकला नट सैल केल्याशिवाय हवा आत जात नाही. मामा त्यावर पितळी अडॅप्टर फिरवतात आणि होज लावतात.

"मामा, शंभर टाका."

मामा टायरच्या बाजूचा आकडा बघतात. २८ मिलिमीटर रुंद. "वजन किती तुमचं?"

"बहात्तर."

"मग मागे ऐंशी, पुढे सत्तर. पाऊस आहे, पाच कमीच ठेवतो."

"पण टायरवर जास्त लिहिलंय."

"ती शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत न्यायलाच पाहिजे असं नाही."

मागच्या चाकावर जास्त वजन येतं म्हणून मागे जास्त हवा. हवा ठासून भरली की टायर खड्ड्यावरून उडतो, मनगटं बधिर होतात आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. फार कमी भरली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. दोन्हींच्या मधला आकडा माणसाच्या वजनावर आणि टायरच्या रुंदीवर ठरतो. मामा तो रोज सकाळी तोंडी सांगतात. पैसे मात्र हवेचेच.

८.३०. पेपर टाकून झालेले एक काका येतात. काळी सायकल, मागे लोखंडी कॅरिअर, दांड्यांचे ब्रेक. मागचा टायर कडेला फाटलाय, तिथून ट्यूबचा फुगा बाहेर आलाय. लुधियानाचा टायर, ४२० रुपये. काका ४०० म्हणतात. मामा ४०० घेतात आणि ५ रुपयांची व्हॉलट्यूब वर बदलून देतात. टायर जाड, जड, नक्षी खोल. सकाळी गठ्ठ्यांचं वजन लादायचं असतं, तिथे हलका टायर कामाचाच नाही. इथे निवड करायला फारसं काही नसतं आणि काकांना ते नकोही असतं. वीस मिनिटांत ते जातात.

९.१०. एक ताई रोड बाईक ढकलत येतात. तिशीतल्या. रेनकोट घोट्यापर्यंत भिजलेला. शिवाजीनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात, साडेनऊची वेळ. सायकल सेकंडहँड घेतलेली, आधीचा मालक शर्यतीसाठी वापरायचा. टायर अजून त्याचेच, २३ मिलिमीटरचे. मागचं चाक बसलंय.

"मामा, या महिन्यात हे तिसरं."

"ठेवून जा. पंक्चर काढतो, पण मला टायरच बघायचाय."

"तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. दोन झालेत."

त्या रिक्षा थांबवतात. शिवाजीनगरला जायला दीडशे लागतील. पंक्चरचे इथे ५० होतात. पंक्चरचा खरा खर्च रिक्षात आणि हजेरीच्या वहीत असतो, आणि टायर निवडताना तो कुणी धरत नाही. माझ्या मते सगळ्यात आधी तोच धरायला हवा.

९.३०. मामा चाक काढतात. लिव्हर दोनच. टायरची एक कड बाहेर, ट्यूब ओढून घमेल्यात. बुडबुडे दिसले की तिथे खडूची खूण. मग ट्यूब टायरशेजारी धरून भोक कुठल्या जागी येतं ते बघतात. नुसती ट्यूब चिकटवून देणारे खूप असतात. जे घुसलंय ते टायरमध्येच राहतं आणि संध्याकाळी पुन्हा टोचतं. मामा कापसाचा बोळा टायरच्या आतून फिरवतात. बोटं फिरवायची नाहीत, कापतात. कापूस एका जागी अडकतो. पक्कडीने ओढल्यावर केसासारखी पोलादी तार निघते, सेंटिमीटरभर. ट्रकच्या फुटलेल्या रेडियल टायरमधली. हायवेच्या कडेला अशा तारा पडलेल्या असतात आणि चांदणी चौकाकडून येणाऱ्या सायकलींना लागतात. पावसात त्रास वाढतो. ओलं रबर लवकर चिरतं, आणि पाणी काचकपार वाहून रस्त्याच्या कडेला आणतं. सायकलवाला कडेनेच चालतो.

मामा टायर उलटा करून दाखवतात. मधला भाग घासून सपाट, दोन ठिकाणी आतले धागे दिसतात. पुढच्या टायरला रबर आहे, पण त्यातही काचेचे बारीक काप. "हे दोन्ही गेले," मामा म्हणतात.

१०.४०. पहिला चहा. पोरगा तोवर एका चाकाचा आऊट काढतोय. स्पोकच्या निपलला पाव फेरा, चाक फिरवायचं, पुन्हा पाव फेरा.

११.१५. आता मापं. जाड टायर हवा म्हणून कितीही जाड चालत नाही. दुकानात ३२ मिलिमीटरचा टायर चढवलेलं एक जुनं चाक पडलंय. मामा ते ताईंच्या सायकलच्या चिमट्यात घालून फिरवतात. वर ब्रेकला घासतं. मग २८चं चाक. फिरतं. ते ४ नंबरची ॲलन की टायर आणि फ्रेमच्या मधून घालतात. खाली, बाजूंना, ब्रेकखाली. सगळीकडून निघते. एवढी फट हवीच. टायरला चिखल चिकटतो, चाकाचा आऊट थोडा सरकतो. जिथे ४ नंबर जात नाही तिथे मामा टायर देत नाहीत, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी.

मग ताईंना फोन. स्पीकरवर. लॅबमधला आवाज मागे.

"तीन प्रकार आहेत. एक आपल्याकडचा साधा, पंचविसाचा, साडेसातशे. हलका आहे. आत पट्टा नाही, काच सरळ ट्यूबला जाईल. दुसरा अठ्ठावीसचा, रबराखाली पट्टा आहे, १,८५०. तिसरा जर्मन कंपनीचा, मॅरेथॉन प्लस. त्यात पाच मिलिमीटरचा रबरी थर असतो. साडेतीन-चार हजार एकाचे. पण जड. तुम्हाला रोज चढ आहे का?"

"नाही, सपाटच. पण सायकल चौथ्या मजल्यावर उचलून नेते."

"मग मधला घ्या."

"अठ्ठावीसने सायकल हळू होईल?"

"तुमच्या रस्त्यावर नाही."

हा प्रश्न दुकानात रोज येतो. बारीक टायर म्हणजे वेगवान, असं लोक धरून चालतात. कित्येक वर्षं शर्यतीतले लोकही २३ वर आणि १०० च्या वर हवेवर चालायचे. आता तेही २८ वर आलेत. तेवढ्याच हवेला रुंद टायर कमी दबतो आणि सोपा फिरतो. खडबडीत रस्त्यावर कडक टायर आधी अंग हादरवतो, आणि त्यात पायांची ताकद वाया जाते. रोज ऑफिसला जाणाऱ्याने फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद आणि पट्ट्याचा टायर घ्यावा. दोन मिनिटं उशिरा पोचणं परवडतं, वाटेत खोळंबणं परवडत नाही.

११.४०. पोरगा स्कूटरवरून पेठेत होलसेलवाल्याकडे निघतो. मामा कागदावर लिहून देतात: २८-६२२, दोन. नुसतं "अठ्ठावीस" सांगायचं नाही. काळ्या सायकलच्या टायरलाही अठ्ठावीस इंची म्हणतात, २८ × १½. त्याची कड जिथे बसते तो व्यास ६३५ मिलिमीटर. रोड बाईकचा ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक. रिमवर टायर सैल लोंबतो, बसतच नाही. डॅशच्या आधी रुंदी, नंतर व्यास. टायरवरचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचावं. मामा रोख ३,७४० देतात. टायरचे १,६२० प्रमाणे ३,२४०, ट्यूबचे ४४०, रिमच्या पट्ट्यांचे ६०. होलसेलवाला उधार देत नाही. पेट्रोल वेगळं.

१.३०. डबा. भाकरी, मेथी, ठेचा. दोघं स्टुलावर समोरासमोर. जेवताना हवेला दोन जण येतात, पोरगा डाव्या हाताने होज लावून देतो.

२.१५. टायर चढवणं. हे काम मी जवळ बसून बघितलं. आधी रिमची जुनी पट्टी काढली. ती सरकली होती, स्पोकच्या भोकाची कड उघडी पडली होती. ट्यूब आतल्या बाजूने फुटते ती इथे. नवी पट्टी बसवली. ट्यूबवर २५/३२ लिहिलंय ते तपासलं, कारण जुनी ट्यूब बारीक टायरची, ताणून पातळ झाली असती. ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळली. टायरच्या बाजूचा बाण फिरण्याच्या दिशेला. टायरवरचं नाव बरोबर व्हॉल्व्हपाशी. पुढे कधी ट्यूबला भोक पडलं तर टायरमध्ये ती जागा लगेच सापडते. एक कड आत. ट्यूबमध्ये थोडी हवा, आकार येण्यापुरती. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून दोन्ही हातांनी व्हॉल्व्हकडे आणली. शेवटची वीतभर घट्ट होती. पोरगा लिव्हर घ्यायला वाकला.

"ठेव ते. ट्यूब चावते. अंगठ्याने लाव."

मामांनी टायर सगळीकडून चिमटून कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलली, तेवढी ढील मिळाली, आणि शेवटची वीत अंगठ्यांनी आत गेली. पोराचे अंगठे लाल झाले होते. वीस पौंड हवा. चाक फिरवून कडेची रेघ सगळीकडे सारखी दिसते का बघितलं. मग पुढे ६०, मागे ७०. ताईंचं वजन अठ्ठावन्न, त्यांना इतकं पुरतं. आधी त्या ११० भरायच्या.

४.००. एक कॉलेजचा मुलगा. हायब्रिड सायकल. "मामा, पावसासाठी मोठ्या गोट्यांचा टायर द्या."

"मातीत चालवतोस?"

"नाही, कर्वेनगर ते डेक्कन."

"मग गोट्या घेऊन काय करशील? डांबरावर गुळगुळीत रबरच जास्त टेकतं."

मुलगा मोटारीच्या टायरची नक्षी दाखवतो. मामा सांगतात, मोटारीचा टायर रुंद आणि वेग जास्त, त्याला पाणी बाहेर काढायला खाचा लागतात. सायकलचा अरुंद टायर पाणी स्वतःच बाजूला सारतो. सायकल घसरते ती पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या झाकणांवर, खोदकामावर टाकलेल्या पोलादी पत्र्यांवर. तिथे कुठलीच नक्षी वाचवत नाही. सरळ जायचं, ब्रेक आधी लावून सोडायचा. मुलगा बारीक नक्षीचा घेतो, ९०० चा. पटलंय की नाही कळत नाही.

५.१५. खाण्याचे पार्सल पोचवणारा एक जण. ऑर्डर पाठीवर, चाक बसलेलं. टायरच्या आत जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी आहे, कुणीतरी घालून दिलेली. तिच्याच कापलेल्या कडेने नवी ट्यूब घासून फाटलीय. मामा पट्टी काढून फेकतात, सात मिनिटांत चाक जोडून देतात. ५० रुपये. तो फोनवर गिऱ्हाइकाला "आलोच" म्हणत निघतो.

६.५०. ताई येतात. आजचा तिसरा लेट मार्क लागला. मामा कागद देतात. दोन टायर ३,७००, ट्यूब ५६०, पट्ट्या ८०, बसवणावळ २००. एकूण ४,५४०. पंक्चरचे लावलेले नाहीत.

"मामा, आज अडीच हजार देते. उरलेले पगारावर."

"सात तारीख?"

"सात."

मामा वहीत २,०४० लिहितात. त्यांच्या खिशातले १,२४० सात तारखेपर्यंत अडकले. ताई सायकल उचलून बघतात, थोडी जड लागते. मग दुकानापुढच्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून एक फेरी मारून येतात.

"हातांना काहीच लागत नाही."

"आठवड्याला हवा बघायची. आणि रोज घरी गेल्यावर टायर हाताने फिरवून काच दिसली तर लगेच काढायची. काच पहिल्या दिवशी आत जात नाही, चार दिवस दाबली गेल्यावर जाते." मग टायरवरचा आकडा दाखवतात. "याचा फोटो काढून ठेवा."

८.३०. गल्ला मोजणं. नोटा ओलसर, वेगवेगळ्या करून स्टुलावर पसरतात. पंक्चरं नऊ, ४५० रुपये. त्यातलं एक पुठ्ठ्याच्या गाडीवाल्याचं, त्याच्याकडून ३० घेतले होते म्हणून ४३०. हवेचे १८५. काळ्या सायकलचा टायर, मुलाचा टायर, एक सर्व्हिस. काढलेले टायर दोरीने बांधून भंगाराच्या ढिगावर, ताईंचे दोन मात्र बाजूला. त्यातला बरा तुकडा कापून मामा पोराला देतात. कुणाचा टायर चिरला तर आतून ठिगळ म्हणून, घरी पोचेपर्यंत.

पोरगा घमेलं ओततो. मामा होलसेलवाल्याला फोन लावतात.

"उद्या पोरगा येईल. २८-६२२ पट्ट्याचे चार ठेव. तेविसाचे नकोत, आहेत तेच पडून आहेत. आणि काळ्या सायकलचे सहा."