बुडालेल्या कंपनीतले उड्डाणतास

2024 साली चाळीस दिवसांच्या आत मुळशी तालुक्यात दोन हेलिकॉप्टर कोसळली. 24 ऑगस्टला पौडजवळच्या अपघातातून चौघे बचावले. 2 ऑक्टोबरच्या सकाळी बावधनच्या डोंगरात तिघांचा जीव गेला. या वैमानिकांच्या अनुभवावर बोट ठेवण्याचे काही कारण नाही. पण भरे, पिरंगुट, पौड या पट्ट्यावरून जाणारी अशी यंत्रे बहुधा छोट्या चार्टर कंपन्यांची असतात, आणि या धंद्यात कंपन्या जशा निघतात तशाच बंदही पडतात. बंद पडलेल्या कंपनीत आपण दीड हजार तास उडालो, असे एखादा वैमानिक म्हणाला, तर ते खरे की खोटे हे कोण सांगणार? गेल्या तीस-पस्तीस वर्षांकडे मागे वळून पाहिले, तर आपण विमानाची कागदपत्रे जिवापाड जपली आणि माणसाची वाऱ्यावर सोडली, असे स्पष्ट दिसते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने खासगी कंपन्यांना 'एअर टॅक्सी' म्हणून उडायला परवानगी दिली. मुंबईतून 1992 मध्ये ईस्ट-वेस्ट, 1993 मध्ये दमानिया उभी राहिली. पुढे मोदीलुफ्त, एनईपीसी आल्या. दशक संपेपर्यंत यांतली एकही उरली नाही. शेकडो माणसे दुसरीकडे नोकरीला लागली ती मुख्यतः आपापल्या लॉगबुकाच्या भरवशावर. लॉगबुक वैमानिक स्वतः भरतो आणि त्यावर कंपनीचा अधिकारी सही करतो. कंपनी चालू असेल तर त्या सहीला अर्थ असतो, कारण मागे ड्यूटीचे तक्ते, विमानाचे टेक लॉग, प्रशिक्षणाच्या फायली असतात. कंपनी संपली की ती सही निराधार होते. न उडता लिहिलेल्या तासांना वैमानिकांच्या जगात 'पार्कर पेनचे तास' म्हणतात, म्हणजे हा रोग नवा नाही.

हा रोग चव्हाट्यावर आला 2011 मध्ये. त्या जानेवारीत गोव्यात एक प्रवासी विमान नाकाखालच्या चाकावर उतरवले गेले. चौकशीत कॅप्टनच्या परवान्यामागची परीक्षेची गुणपत्रिकाच बनावट असल्याचा आरोप पुढे आला, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) देशभरचे परवाने तपासायला घेतले. त्याच सुमारास जयपूरच्या सरकारी फ्लाइंग स्कूलमध्ये प्रत्यक्ष न उडता तास लिहून दिल्याचे प्रकरण राजस्थानच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उघडले. व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, कॅप्टनच्या परवान्याला, म्हणजे एटीपीएलला, 1500. गुणपत्रिका बनावट आहे हे कळू शकले, कारण परीक्षा घेणारी संस्था जागेवर होती. शाळेतले तास पकडता आले, कारण शाळा, तिची विमाने आणि नोंदी सापडत होत्या. पण तासांचा दावा बंद चार्टर कंपनीतला असता, तर तपास कुठून सुरू झाला असता?

अशा दाव्याची पडताळणी अशक्य नसते, फार कष्टाची असते. आधी विमानाचा व्हीटी क्रमांक घ्यायचा आणि त्या काळात ते त्या कंपनीच्या नावावर होते का, ते पाहायचे. मग विमानाचे एकूण तास. विमान वर्षात 300 तास उडाले असेल, तर त्या वर्षात त्यावर कोणाचेही 500 तास होऊ शकत नाहीत. चार्टरच्या बहुतेक उड्डाणांना एअर डिफेन्स क्लिअरन्सचा क्रमांक लागतो, विमानतळावर लँडिंग आणि पार्किंगचे बिल निघते, इंधनाची पावती फाटते. या तारखा लॉगबुकाशी जुळायला हव्यात. त्या दिवशी वैमानिकाचे मेडिकल वैध होते का? पगारातून पीएफ कापला गेला होता का? शेजारच्या खुर्चीत बसलेल्याच्या लॉगबुकात तेच उड्डाण आहे का? मोठ्या एअरलाइनचे निदान वेळापत्रक सापडते. चार्टरला तेही नसते, आणि तीन-चार वैमानिकांच्या कंपनीत सही करणारा चीफ पायलट आणि तास मागणारा माणूस एकच असू शकतो. यातला प्रत्येक कागद वेगळ्या दारात असतो आणि जुने कागद कोणी कायम ठेवत नाही.

मोठ्या एअरलाइनही बंद पडतात: किंगफिशर 2012 च्या ऑक्टोबरात थांबली, जेट 17 एप्रिल 2019 ला, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. गो फर्स्ट थांबल्यावर विमाने भाड्याने देणारे मालक दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिल 2024 मध्ये त्यांनी 54 विमानांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश मिळवला. विमानांबरोबर त्यांची कागदपत्रेही त्यांना हवी होती, कारण नोंदींशिवाय विमानाची किंमत कोसळते. वैमानिकाच्या प्रशिक्षण फायलीचा असा कोणी धनको नसतो. त्यामुळे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत ती कोणाच्याच यादीत बसत नाही.

यावर अनुभवी लोक म्हणतील, कागद कशाला, सिम्युलेटरमध्ये दोन तासांत माणूस कळतो. हे अर्धेच खरे आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये टेक्सासमध्ये अ‍ॅटलस एअरचे मालवाहू विमान कोसळून तिघे मेले. को-पायलटने आधीच्या नोकऱ्यांतले प्रशिक्षणातले अपयश लपवले होते, आणि तरीही तो नव्या कंपनीची तपासणी पार करून त्या खुर्चीत बसला होता. एका चाचणीतून त्या दिवसाची कामगिरी दिसते. पुन्हा पुन्हा येणारी चूक मागच्या नोंदींतच सापडते. 2009 मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरच्या विमानाच्या अपघातात 50 जण गेल्यावर अमेरिकेने 2010 च्या कायद्याने वैमानिकांच्या नोंदींचे मध्यवर्ती भांडार ठरवले; नियम यायला मात्र 2021 उजाडले. अ‍ॅटलसच्या अहवालात अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने या दिरंगाईलाही अपघाताच्या कारणांत जागा दिली. त्या नियमातली आपल्या कामाची गोष्ट अशी, की कंपनी दिवाळखोरीत गेली तरी नोंदी जमा करण्याची जबाबदारी संपत नाही. ती दिवाळखोरी सांभाळणाऱ्या विश्वस्तावर येते.

दुसरा आक्षेप प्रामाणिक वैमानिकाच्या बाजूचा आहे: कंपनी बुडाली हा त्याचा दोष नाही, मग संशय त्याच्यावर का? माझ्या मते आजच्या व्यवस्थेत तोच सर्वाधिक भरडला जातो. खोटे तास लिहिणाऱ्याला हरवलेली फाइल सोयीची असते. खरे तास उडालेला मात्र दारोदार जुन्या सह्या शोधत फिरतो. मध्यवर्ती भांडारात पगार, नोकरी सोडल्याचे कारण, भांडणे यांतले काहीच साठवायची गरज नाही. तास, विमान आणि चाचण्यांचे निकाल पुरेत. 2021 पासून डीजीसीएचा ईजीसीए हा ऑनलाइन मंच आहेच, असेही सांगितले जाईल. तो चांगला आहे, पण संगणकावर चढलेली नोंद भरणाऱ्याइतकीच खरी असते, आणि त्याआधीचे तास कागदी लॉगबुकातूनच येणार. 1 जानेवारी 2025 पासून 1934 च्या जुन्या कायद्याजागी भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्याखालच्या नियमांत एक कलम घालता येईल: चार्टरचा परवाना परत करताना किंवा कंपनी लिक्विडेटरच्या हाती जाताना उड्डाण आणि प्रशिक्षणाच्या नोंदी डीजीसीएकडे जमा झाल्याच पाहिजेत.

व्यावसायिक उड्डाणाची वयोमर्यादा 65 आहे. ईस्ट-वेस्ट आणि दमानियात तिशीत असलेले वैमानिक आता कॉकपिटमधून उतरत आहेत, म्हणून त्यांच्या हरवलेल्या फायलींचा प्रश्न काही वर्षांत आपोआप मिटेल. जेट थांबली तेव्हा तीस वर्षांचा असलेला को-पायलट मात्र 2054 पर्यंत उडू शकतो, आणि त्याच्या फायली आज ज्या गोदामात आहेत त्या गोदामाचे भाडे तोवर कोण भरणार, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.