ग्लुकोमीटरची पट्टी साखर कशी ओळखते?

बोटातल्या रक्ताच्या एका थेंबावरून साखर कशी कळते, असे तुम्हालाही वाटले असेल. उत्तर पट्टीवरच्या एन्झाइममध्ये आहे. बऱ्याच पट्ट्यांवर 'ग्लुकोज ऑक्सिडेज' असते. ते 'अस्परजिलस नायजर' या काळ्या बुरशीपासून मिळवतात. ही बुरशी या एन्झाइमच्या मदतीने ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल बनवते. पट्टीवरही तीच क्रिया होते. त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन मीटर विद्युतप्रवाह म्हणून मोजतो आणि आकडा दाखवतो.

एन्झाइम हे प्रथिन आहे. उष्णतेने आणि दमट हवेने ते खराब होते. म्हणून:

• पट्टी काढताच डबीचे झाकण घट्ट लावा.
• डबी फ्रिजमध्ये किंवा उन्हात ठेवू नका.
• मुदत संपलेल्या पट्ट्या वापरू नका.
• हात धुऊन, कोरडे करून मगच तपासा. आंबा कापलेल्या बोटावरची साखरही मोजली जाते!

चुकीने जास्त आलेल्या आकड्यावर इन्सुलिन घेतले, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होत असेल, तर मीटर 'नॉर्मल' दाखवत असला तरी त्यावर विसंबू नका. लगेच साखरपाणी घ्या आणि डॉक्टरांना कळवा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णालयात न्या.