चाल त्याची, सूचना आपली

नवी चाल ऐकवून झाली की ऐकवणारा आपल्याकडे बघत नाही. तो मोबाइलशी चाळा करतो, नाहीतर पेटीचा भाता उगाच उघडतो आणि मिटतो. त्याचे कान मात्र आपल्याकडे असतात. अशा वेळी आपण बहुधा दोनांपैकी एक वाक्य बोलतो. 'वा, छान!' किंवा 'ठीक आहे, पण मजा नाही आली.' पहिल्या वाक्यानं आपली सुटका होते, दुसऱ्यानं आपण जाणकार ठरतो. चाल होती तिथंच राहते.

मी कवी आहे, गवई नाही. पण शीवमध्ये राहतो. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला किंग्ज सर्कल, माटुंगा. गणपतीत बेंजो वाजवणारी मुलं, क्लासला जाऊन दोन-तीन परीक्षा दिलेल्या मुली शब्द मागायला येतात आणि मग त्यांना लावलेली चालही ऐकवतात. हौशी मंडळी. दिवसा नोकरी, रात्री गाणं. त्यांना काय सांगावं आणि कसं सांगावं, हा विचार मला त्यामुळे करावाच लागतो.

या बाबतीत मला आधार सापडला तो शायरीतल्या एका जुन्या रिवाजाचा. उर्दूत त्याला इस्लाह म्हणतात. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. शागिर्दानं आपली गझल उस्तादापुढं ठेवायची आणि उस्तादानं ती तपासून परत द्यायची. मिर्झा गालिब दिल्लीत बसून आपले शिष्य हरगोपाल तफ्ता यांचं काव्य टपालानं तपासत. पुढं दाग देहलवी हैदराबादेत असताना त्यांच्याकडे देशभरातून गझला येत. तरुण इक्बालनंही आपल्या गझला त्यांच्याकडे पाठवल्या होत्या. दुरुस्तीला आता फारशी जागा उरलेली नाही, असं दागनी त्यांना लवकरच कळवून टाकलं. शिष्याला वेळेवर मोकळं करणं हाही इस्लाहचाच भाग. आपल्याकडे सुरेश भटांनी तर 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि मराठीतल्या किती तरी नवोदितांना गझलेचं तंत्र समजावलं.

या रिवाजातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गझलेच्या शेवटच्या शेराला मक्ता म्हणतात आणि त्यात कवी आपलं टोपणनाव गुंफतो. उस्तादानं कितीही दुरुस्ती केली तरी मक्त्यात नाव राहतं शागिर्दाचंच. म्हणजे दुरुस्ती अशी हवी की ती झाल्यावरही ती गझल त्या नावाला शोभली पाहिजे, त्याचीच वाटली पाहिजे.

हीच रीत बंदिशीतही आहे. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ 'प्रेमपिया' या नावानं बंदिशी बांधत, विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया' या नावानं. त्यांचे शिष्य जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणीदास' झाले आणि बुवांचे शिष्य सी. आर. व्यास 'गुणीजान'. फैयाज खाँकडे शिकलेले श्रीकृष्ण रातंजनकर 'सुजान' झाले. रातंजनकरांचे पट्टशिष्य पं. के. जी. गिंडे आमच्या शीवच्या वल्लभ संगीतालयाचे कितीतरी वर्षं प्राचार्य होते. गुरूची विद्या घेऊनही प्रत्येकानं नाव आपलं लावलं, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. एक मुलगा माझ्याकडे येतो. विशीतला. कुरिअरच्या कंपनीत काम करतो, उत्सवात एका पथकात कीबोर्ड वाजवतो. त्यानं स्वतःच शब्द लिहून एक गाणं केलं होतं. ते घेऊन तो एका स्पर्धेत उतरला. तिथल्या एका परीक्षकांनी हातात माइक घेऊन सांगितलं, 'चालीत दम नाही.' लोक हसले. त्यानंतर वर्षभर त्याचा कीबोर्ड कपाटावर पडून होता. दम नाही म्हणजे नेमकं काय नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुरुस्त करायचं तर काय करायचं?

मी त्याला गाणं ऐकवायला सांगितलं. दोनदा ऐकलं. पहिल्यांदा फक्त ऐकणारा म्हणून, दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन. मग त्याला विचारलं, 'हे गाणं कुणासाठी केलंस?' तो म्हणाला, 'आईसाठी.' आई रात्री झोपेतच गेली होती. शेजारी झोपलेल्या या मुलाला सकाळपर्यंत पत्ता नव्हता. मुखडा होता, 'तू नकळत गेलीस दूर'.

ठेका साधा केरव्याचा, आठ मात्रांचा. सहाव्या मात्रेवर तो 'तू' उचलत होता आणि दोन मात्रा लांबवत होता. त्यामुळे आठव्या मात्रेवर एकटा 'न' सापडायचा. त्या 'न'वर एक छोटी हरकत, पाठोपाठ श्वास आणि समेवर जोरात 'कळत गेलीस'. ऐकणाऱ्याच्या कानावर काय पडायचं? 'कळत गेलीस.' नेमका उलटा अर्थ! ज्या एका शब्दासाठी त्यानं गाणं केलं, तोच शब्द चालीनं मोडला होता. चालीत दम होता, सम चुकीच्या अक्षरावर पडत होती एवढंच.

मी म्हटलं, 'उचल एक मात्रा उशिरा घेऊन बघ. सातव्या मात्रेवर तू, आणि समेवर न. हरकत घ्यायचीच असेल तर दूरवर घे.' त्यानं तीन-चारदा म्हणून पाहिलं. 'नकळत' हा अख्खा शब्द समेवर आला. स्वर त्याचेच होते, एकही बदलला नव्हता. पण म्हणता म्हणता तो मध्येच थांबला आणि पाणी प्यायला उठला. मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

याचा अर्थ असा, की सूचना जागेवर बोट ठेवणारी हवी. कुठला शब्द, कितवी मात्रा, अंतऱ्यातली कुठली ओळ. स्तुतीलाही हाच नियम लावावा. 'छान' म्हणण्यापेक्षा 'अंतऱ्यातून मुखड्यावर परत येतोस ती जागा छान आहे' असं म्हटलं, तर ती जागा जपायची हे त्याला कळतं. नाहीतर पुढच्या दुरुस्तीत बिचारा तीच उडवून टाकतो.

दुसरं म्हणजे दोष आणि आवड यांत फरक करावा. शब्द तुटणं, ठेक्यातून निसटणं, गाणाऱ्याच्या गळ्याला पट्टी न झेपणं हे दोष. ते स्पष्ट सांगावेत. पण 'मी असतो तर इथं यमन घेतला असता' ही आपली आवड झाली. ती सांगायचीच असेल तर आवड म्हणूनच सांगावी. चांगलं-वाईट ठरवण्याचा मक्ता काही आपल्या एकट्याकडे नाही.

तिसरी गोष्ट वाद्यमेळाची. आज कॉम्प्युटरवर एका बोटानं पन्नास व्हायोलिनं वाजतात, त्यामुळे हौशी संयोजकाला एकही वाद्य गप्प बसवावंसं वाटत नाही. याच मुलाच्या गाण्यात बासरी गळ्याबरोबर तीच सुरावट त्याच सप्तकात वाजवत होती आणि प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दावर ढोलकीची लग्गी येत होती. 'गर्दी झाली' एवढंच म्हणून भागत नाही. मी त्याला एक उपाय सांगितला. आधी फक्त गळा आणि ठेका ठेवून ऐक. मग एकेक वाद्य परत आण. ज्याच्यामुळे शब्द बुजेल त्याला गळा थांबेपर्यंत थांबव. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं संयोजन करणारे सेबास्टियन डिसोझा मूळचे गोव्याचे. त्यांच्याकडे तर वाद्यांचा मोठा ताफा असे. तरीही गायक थांबतो तिथं वाद्यं कशी बोलतात, हे ती गाणी नुसती कान देऊन ऐकली तरी उमगतं.

चौथी गोष्ट मोजमापाची. एका बैठकीत दोन सूचना, फार तर तीन. दहा दोष दिसले तरी ज्यानं गाण्याचा अर्थ बिघडतो तो आधी सांगावा, बाकीचे पुढच्या वेळी. दहा गोष्टी एकदम ऐकणारा माणूस दहाही विसरतो. त्याच्या लक्षात राहतं ते एवढंच, की आपल्याला काही येत नाही. आणि चारचौघांत तर दोष सांगूच नयेत. टाळी चारचौघांत द्यावी, दुरुस्ती दोघांत करावी.

आमच्या वस्तीचं नाव शीव. शीव म्हणजे वेस, हद्द. जुन्या मुंबई बेटाची हद्द इथं संपत होती. सल्ला देणाऱ्यालाही अशी एक शीव असते. त्याला काय म्हणायचं आहे ते नीट ऐकू यावं इथपर्यंत आपली हद्द. त्यानं काय म्हणावं, हा मुलूख त्याचा. सूचना देऊन झाली की मी मनाशी एकच प्रश्न विचारतो : आता हे गाणं त्याचं जास्त झालं की माझं? उत्तर 'माझं' असं आलं, तर ती सूचना मी परत घेतो.

त्या मुलानं गाण्याचं ध्वनिमुद्रण पुन्हा केलं. बासरी काढली, पट्टी दोन सुरांनी उतरवली. दूरवरची हरकत मात्र त्यानं घेतली नाही. तो शब्द त्यानं साधाच सोडून दिला. मी सुचवलेल्यापेक्षा ते चांगलं झालं आहे.