तांब्याचा तळ सपाट नसतो

महाराष्ट्राच्या शासकीय रेखाकला परीक्षेला, म्हणजे सगळे जिला नुसते एलिमेंटरी-इंटरमिजिएट म्हणतात तिला, बसलेल्या कितीतरी पिढ्यांनी तांब्या काढला आहे. समोर तांब्या, शेजारी पुस्तक, एखादे फळ, हातात पेन्सिल आणि वस्तुचित्राच्या पेपरची मोजकी वेळ. शाळकरी मुलांची अशी चित्रे ओळीने मांडली, तर एक चूक पुन्हा पुन्हा भेटते. तांब्याचे तोंड लंबगोल असते, पण दोन्ही टोकांना चिमटीत धरल्यासारखे अणकुचीदार. आणि तळ मात्र पट्टीने आखल्यासारखा सरळ. खरे तर तळ डोळ्याच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली असतो, त्यामुळे तळाचा वक्र तोंडाच्या वक्रापेक्षा अधिक भरलेला दिसायला हवा. पण तांब्या सपाट टेबलावर बसला आहे हे मुलाला ठाऊक असते, आणि हात त्या माहितीचे ऐकतो. त्याच वयाची मुले रांगोळीत डौलदार वळणे काढतात, अक्षरलेखनात गोलाई साधतात; म्हणजे हात कच्चा नसतो. माझे म्हणणे असे की पेन्सिलचित्र सुधारण्याचे मुख्य साधन दुसऱ्याची नेमकी टीका हे आहे. चूक कोणत्या जागी आहे, किती आहे आणि ती वस्तूकडे पाहून कशी पडताळायची, हे सांगणारी टीका. हाताचा सराव हवाच, पण तो तिच्या मागून यावा.

याला प्रयोगाचाही आधार आहे. १९९७ मध्ये डेल कोहेन आणि सुझन बेनेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रश्न विचारला: बहुतेक माणसांना समोर दिसते ते हुबेहूब का काढता येत नाही? हात वळत नाही म्हणून, काय काढावे आणि काय गाळावे हे कळत नाही म्हणून, की मुळात वस्तूच नीट पाहिली जात नाही म्हणून? एकेक कारण वेगळे काढून तपासल्यावर त्यांना हाताच्या कौशल्याचा वाटा नगण्य दिसला. सर्वांत मोठा दोष वस्तूकडे चुकीचे पाहण्यात सापडला. चित्रकलेच्या शिक्षकांना हे नवे नव्हते. पण आपल्याकडे मुलाचे चित्र बिघडले की पालक अजूनही बारा पेन्सिलींची महागडी पेटी आणतात.

तरीही पेन्सिलीची ओळख करून घेतली पाहिजे, कारण बऱ्याच चुका साहित्याचा स्वभाव न कळल्याने होतात. जिला आपण शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे नसते. असतो तो ग्रॅफाइट, कार्बनचेच एक रूप. इंग्लंडमधल्या बॉरोडेलच्या खाणीत तो इतका शुद्ध मिळे की कापून थेट कांड्या करता येत. युद्धामुळे फ्रान्सला हा माल मिळेनासा झाला, तेव्हा निकोला-जाक काँते याने ग्रॅफाइटची भुकटी चिकणमातीत मिसळून भट्टीत भाजण्याची रीत काढली आणि १७९५ मध्ये तिचे पेटंट घेतले. आजची जवळजवळ प्रत्येक पेन्सिल, मग ती नटराज असो, अप्सरा असो की कॅम्लिन, त्याच रीतीची आहे. माती जास्त तर कांडी कडक आणि रेघ फिकी, हा एच. ग्रॅफाइट जास्त तर कांडी मऊ आणि रेघ काळी, हा बी. ग्रॅफाइटचे कण पापुद्र्यांसारखे चपटे असतात. एचबी पेन्सिल कागदावर जोराने दाबून काळोख आणू पाहिला, की हे पापुद्रे कागदाच्या खरखरीत दबून बसतात, एका पातळीत येतात आणि चकाकू लागतात. काळी हवी असलेली जागा उजेडात रुपेरी दिसते. ती पुन्हा काळी करता येत नाही आणि खोडरबरने पुरती पांढरीही होत नाही, कारण कागदाची खरखरच चेपलेली असते. म्हणून गडद छटा दाबून आणायची नसते. मऊ पेन्सिलीचे हलक्या हाताचे थर एकावर एक चढवून ती आणावी लागते. बोटाने घासून शेडिंग गुळगुळीत करण्याची सवयही मोडावी. बोटाचे तेल कागदाला लागते, डाग पडतो आणि सगळ्या वस्तूंना एकच मेणचट पोत येतो. पितळेचा तांब्या आणि सुती कापड यांत फरक उरत नाही.

वस्तूकडे नीट पाहून काढण्याची ही शिस्त मराठी मुलखात रुजवली ती मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेने. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. योगायोग असा की जॉन रस्किन यांचे नवशिक्यांना रेखाटन शिकवणारे पुस्तक लंडनमध्ये त्याच वर्षी निघाले, आणि त्यातही सुरुवात चौकोन एकसारख्या छटेने सफाईने भरण्याच्या सरावापासून होती. ज. जी. मध्ये विद्यार्थी आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करत; पुढे शाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जिवंत मॉडेलवरून अभ्यासाला जोर आला. प्लास्टरचा पुतळा रंगहीन, स्थिर आणि एका बाजूच्या उजेडात ठेवलेला असतो, म्हणून तिथे चूक लपत नाही. १८९० मध्ये तिथे दाखल झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले, आणि 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आपल्या आठवणींत त्यांनी तो काळ नोंदवून ठेवला. त्यांच्या रेखाटनांतला पदराचा झोल किंवा पगडीचा पेच पाहिला, की पाहण्याची ही तालीम कुठवर नेते ते कळते.

रेखाकला परीक्षांनी ही तालीम तालुक्याच्या गावापर्यंत नेली, आणि त्याचे मोल मी मोठे मानतो. ज्या गावात चित्रप्रदर्शन कधी भरले नाही तिथल्या मुलांनीही वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द तोंडात घोळवले. पण या व्यवस्थेत एक उणीव आहे. तिचा निकाल एका अक्षरात येतो: अ, ब किंवा क. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, म्हणून घराघरांत त्या अक्षराचीच चर्चा होते. ब मिळाला तो तळ सपाट राहिला म्हणून की पडछाया चुकीच्या दिशेला गेली म्हणून, हे विद्यार्थ्याला कळत नाही. हजारो कागद तपासणाऱ्या परीक्षेकडून प्रत्येकाला टिपण मिळावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. ते काम वर्गाचे आहे, आणि बऱ्याच वर्गांत परीक्षेच्या ओझ्याखाली तेच मागे पडते. स्मरणचित्रासाठी ठरावीक माणसे पाठ करून घेतली जातात आणि डोळा जिथे होता तिथेच राहतो.

मग टीका कशी असावी? 'छान आहे' आणि 'जमले नाही' या दोन्हींचा उपयोग सारखाच, म्हणजे शून्य. 'तोंडाची रुंदी तांब्याच्या उंचीत दीडदा बसते, तू दोनदा बसवली आहेस' हे वाक्य उपयोगी, कारण ते पडताळता येते. हात पूर्ण ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत रुंदी मोजायची आणि तेच माप उंचीवर लावायचे. टीका करणारा चुकला असेल तर तेही तिथेच उघड होते, आणि विद्यार्थ्याला शिक्षकाच्या शब्दापेक्षा वस्तूवर विश्वास ठेवायची सवय लागते. क्रमही महत्त्वाचा. आधी कागदावरची जागा, मग मोठी प्रमाणे, मग तांब्याचा मध्यअक्ष आणि त्याच्या दोन्ही बाजू, मग वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागांचे आकार, छायाप्रकाश त्यानंतर. प्रमाण चुकलेल्या तांब्यावर तास-दीड तास शेडिंग झाले, की ती चूक दाखवायला शिक्षकालाही धीर होत नाही. म्हणून पहिली दहा मिनिटे संपताच, रेघा फिक्या असतानाच चित्र भिंतीला टेकवून लांबून पाहावे. आरशात धरले तर एका बाजूला कललेला तांब्या लगेच पकडला जातो. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या चित्रावर स्वतः पेन्सिल चालवू नये. समासात छोटे काढून दाखवावे आणि दुरुस्ती ज्याची त्याला करू द्यावी. दुरुस्त करतानाही जुनी फिकी रेघ लगेच खोडू नये, तिच्याशेजारी नवी ओढावी. आधीची खोडली की मोजायला काही उरत नाही, आणि हात बहुधा तीच चूक पुन्हा काढतो.

छायाप्रकाशात सर्वांत जास्त फसवते ती सावलीच्या बाजूची परावर्तित उजेडाची पट्टी. पितळी तांब्याच्या अंधाऱ्या कडेला टेबलावरून उसळलेला उजेड दिसतो. शेजारी गडद असल्याने तो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, आणि मूल तिथे खोडरबर चालवते. परिणामी सावलीतच दुसरा दिवा लागल्यासारखा होतो आणि गोलाई फुटते. डोळे किलकिले करून पाहिले तर ही पट्टी सावलीत विरून जाते, तिची खरी जागा तीच. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. ते पेन्सिलचे नाही, पण पेन्सिलवाल्याने ते जरूर अभ्यासावे. अत्यंत उजळ जागा तिथे थोडी आहे, बाकी सगळे त्या उजेडाच्या मानाने मागे ठेवले आहे. पारदर्शक जलरंगातही पांढरे असते ते कागदाचेच, आणि ग्रॅफाइटलाही तोच नियम लागू आहे.

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला, की टीकेने मूल खचते. १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी अभिप्रायावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. अभिप्रायाने सरासरी कामगिरी सुधारली, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती खालावली. विशेषतः लक्ष कामावरून हटून माणसाच्या स्वतःच्या लायकीकडे वळले की अभिप्रायाचा गुण कमी होत गेला. म्हणजे आक्षेपात तथ्य आहे, आणि उत्तरही त्यातच आहे: तांब्याबद्दल बोला, मुलाबद्दल नको. यात कौतुकही आले, 'तू हुशार आहेस' हेही मुलाबद्दलचेच बोलणे. दुसरा आक्षेप, की कॅमेरा हातात असताना हुबेहूब कशाला? पण फोटो आधीच सपाट झालेला असतो. फोटोवर चौकटी आखून व्यक्तिचित्र उतरवणाऱ्याची मापे जाळीने घेतलेली असतात, डोळ्याने नव्हे. जाळी वाईट नाही. आधी डोळ्याने काढून मागाहून तपासायला ती उत्तम.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: ही वास्तववादी तालीम साहेबाने लादली, तिने आपली रेषा मारली. १८९६ मध्ये कलकत्त्याच्या कलाशाळेची सूत्रे घेतलेल्या ई. बी. हॅवेल यांनी आणि नंतर बंगाल शैलीच्या चित्रकारांनी हे जोरकसपणे मांडले, आणि युरोपीय नमुने गिरवण्याच्या कंटाळवाण्या भागाबद्दल ते बरोबर होते. मात्र मुंबईच्या त्याच ज. जी. शाळेतले विद्यार्थी आपले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत अजिंठ्याला जाऊन १८७२ पासून पुढची काही वर्षे तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. मोजून पाहायला शिकलेला डोळाच ती भारतीय रेषा इतक्या निष्ठेने उतरवू शकला. आणि वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये याच शाळेतून बाहेर पडले, त्यांना अमूर्ताकडे जायला कोणी अडवले नाही. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे के. के. हेब्बारही इथेच शिकले आणि नर्तकीची गती चार-दोन रेषांत पकडू लागले. गाळायचे काय हे ठरवायला आधी सगळे दिसावे लागते.

महाराष्ट्राबाहेरच्या, उदाहरणार्थ बंगळुरूच्या महादेवपुरा भागात आयटीच्या नोकऱ्यांमुळे स्थिरावलेल्या मराठी घरांना हे लागू कसे करायचे, हा प्रश्न उरतो. तिथल्या मुलांना कर्नाटकच्या लोअर आणि हायर ड्रॉइंग ग्रेड परीक्षा आहेत, शहरात कुमारकृपा रस्त्यावर कर्नाटक चित्रकला परिषद आहे, आणि तिथल्या दालनात हेब्बारांचे कामही पाहता येते. पण आठवड्याच्या तासाभराच्या क्लासात टीकेला वेळ अपुराच पडणार. ती घरी करता येते. खिडकीचा उजेड एकाच बाजूने येईल असा तांब्या ठेवावा, छताचे दिवे बंद करावेत, नाहीतर दोन पडछाया पडतात. दोन-तीन मुलांनी वेगवेगळ्या जागी बसून काढावे. अर्ध्या तासाने कागद अदलाबदल करावेत आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या जागी जाऊन बसावे, कारण त्याच्या खुर्चीतून दिसणारा तांब्या वेगळा असतो आणि आपल्या जागेवरून केलेली टीका तिथे चुकते. मग पेन्सिल धरून एकच माप सांगावे, तोंडाचे, मानेचे किंवा तळाचे. कागद ज्याचा त्याला परत द्यावा, दुरुस्ती त्याने करावी, आणि तारीख टाकून ठेवावा. पुढच्या वेळी तोच तांब्या, पण डोळ्याची पातळी बदललेली. खुर्चीऐवजी जमिनीवर बसून.